मेलेल्या झाडांची वाढ

दर वर्षी पानगळ संपता संपता वहिनी आपल्या वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या. "भावजी, मेलेली पण भरणार ना?" मी म्हणायचो, "भरतो की." आणि भरायचो नाही. पंधरा वर्षं मी हे खोटं चहाच्या घोटाबरोबर बोललो. त्याचं काय झालं ते सांगायला बसलोय, तर स्वतःपासून सुरुवात केलेली बरी.

मी आमच्या वन संशोधन केंद्रात आकडे भरणारा कारकून. वहिनी म्हणजे केंद्राच्या ड्रायव्हरची बायको. ड्रायव्हर माझा जुना दोस्त, म्हणून ती माझी वहिनी. बाकीचे तिला काठीबाई म्हणतात, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. नाकावर माशी बसू न देणारी बाई आहे. पाच फुटांच्या आतबाहेर उंची, खाकी शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली, एक लिहायला आणि एक पहिली मोडली तर. बावीस वर्षांत पहिली कधी मोडलेली मी पाहिली नाही.

त्यांचं काम सांगायला सोपं. जंगलाच्या एका ठरलेल्या तुकड्यात दोन हजार एकशे चौदा झाडांना नंबराचे पत्रे ठोकलेले आहेत. पानं गळाली की प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा. घेरावरून झाडाचं वजन काढता येतं, झाडाला कुऱ्हाड न लावता. या वजनाला आमचे लोक जैवभार म्हणतात. यंदाच्या वजनातून गेल्या वर्षीचं वजा केलं की जंगल किती वाढलं ते कळतं. पण झाड खाली जाड आणि वर बारीक, त्यामुळे घेर कुठे मोजला यावर सगळी गंमत आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, छातीच्या उंचीवर. पहिल्या वर्षी वहिनींनी तेव्हाच्या साहेबांना सरळ विचारलं होतं, "कुणाच्या छातीच्या? तुमच्या की माझ्या?" साहेब हसले आणि म्हणाले, एकशे सदतीस सेंटिमीटर. वहिनींचे वडील सुतार. त्यांनी लेकीला बरोबर एकशे सदतीसची काठी करून दिली. टणक लाकूड, वर टेप टेकवायला खाच, खाली पितळी टोपी. काठी बुंध्याशी उभी करायची, खाचेच्या पातळीवर टेप फिरवायची, आकडा बोलायचा, लिहायचा, पुढचं झाड.

त्याच पहिल्या वर्षी वहिनींच्या हातून एक चूक झाली. आमचं जंगल पानगळीचं. मोजणीच्या दिवसांत सगळी झाडं सारखीच खराटा दिसतात. जिवंत कोण आणि मेलेलं कोण हे नव्या माणसाला कळणं कठीण. नंबर सहाशे अकरासमोर वहिनींनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "मेलं". दोन महिन्यांनी सहाशे अकराला शेंड्यापासून पालवी फुटली. ड्रायव्हरने ही बातमी केंद्रभर केली. "बाईसाहेबांनी मयत जाहीर केलेला इसम हिंडताना दिसला," म्हणाला. वर्षभर लोक हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ठरवलं की मरणाचा दाखला देणं आपलं काम नाही, मोजणं आपलं काम. त्यानंतर तो शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. पुढे सात वर्षांनी सहाशे अकरा खरोखरच वाळलं, साल गळून गेली, आत लोखंडासारखं लाकूड उभं राहिलं. तरी वहिनी त्याला टेप घालतच राहिल्या. अशी उभ्याने मेलेली सतरा झाडं जमली होती, आणि सतराही त्यांच्या वहीत दर वर्षी हजेरी लावत होती.

माझ्या कॉम्प्युटरमध्ये मेलेल्या झाडाला जागा नव्हती. साहेबांनी झाड मेलं असं ठरवलं की त्याचा नंबर बंद. वहिनींना हे समजावण्यापेक्षा "भरतो" म्हणणं सोपं होतं. सतरा झाडांनी कुणाचं काय बिघडतंय, असं मी मनाशी म्हणायचो.

गेल्या हंगामात आमच्याकडे नव्या संशोधक बाई आल्या. वय तिशीचं, आवाज हळू, आणि प्रत्येक गोष्ट मुळापासून बघायची खोड. त्यांनी मला विचारलं, "वहीत आहे आणि कॉम्प्युटरमध्ये नाही, असं काही आहे का?" त्या आवाजापुढे मला खोटं सुचलं नाही. मी सतरा झाडांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळं भरा. पहिल्यापासून."

चार दिवस मी जुन्या वह्यांतून आकडे भरले. पाचव्या दिवशी बाईंनी कॉम्प्युटरवर त्या घेरांच्या आलेखाची रेघ काढली, आणि ती वर चढत गेली. सहाशे अकरा मेल्यानंतर वाढत होतं. तेरा वर्षांपूर्वी घेर एकशे त्रेचाळीस पूर्णांक दोन. मग हळूहळू, मिलिमीटर दोन मिलिमीटर करत, गेल्या वर्षी एकशे पंचेचाळीस पूर्णांक एक. बाकीच्या सोळांचं तेच. एकही आक्रसलं नव्हतं, सगळी तब्येतीने वाढत होती.

"वाळलेलं लाकूड जाड होत नाही," बाई म्हणाल्या. "ही वही जंगलात भरलेली नाही. गेल्या वर्षीचा आकडा घ्यायचा, थोडं वर घालायचं. घरी बसून असंच करतात."

मी म्हणालो, वहिनी असं करणार नाहीत. पण माझा आवाज मलाच पटला नाही. खरं सांगायचं तर दोन दिवस मीही तेच समजत होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

वहिनींना बोलावलं. बाईंनी कागद समोर ठेवला आणि सगळं स्पष्ट सांगितलं. चोवीस दिवसांनी केंद्राच्या नोंदी तपासायची बैठक आहे. मेलेल्या झाडांचे आकडे खोटे असतील तर जिवंतांच्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. बावीस वर्षांची नोंद रद्द होईल आणि जंगलाचा तो तुकडा मोजणीतून काढून टाकतील. वहिनींनी कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"भावजी, तुम्ही भरतो म्हणाला होता."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी एकट्याच जंगलात गेल्या, सहाशे अकराला काठी लावली, टेप फिरवली. एकशे पंचेचाळीस पूर्णांक एक. गेल्या वर्षीचाच आकडा. म्हणजे वही खोटी नव्हती. त्यांनी टेप केंद्राच्या पोलादी पट्टीशी लावून बघितली. टेपही खरी होती. तीन दिवस त्यांनी स्वतःची अशी उलटतपासणी चालवली. वाकून मोजतेय का, टेप सैल धरतेय का, डोळे दगा देतायत का. चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळेसुद्धा तपासून आल्या. घरात ड्रायव्हरने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते हेच बघ," म्हणाला. त्या दिवशी त्याला आपला डबा आपण भरून घ्यावा लागला.

चौथ्या दिवशी आम्ही तिघं जीपमधून जंगलाकडे निघालो होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच जाऊन मागे बसलो, आणि वहिनींनी उतरा म्हटलं नाही. ड्रायव्हरने काठी नेहमीसारखी मागच्या बाकाखाली सरकवली, दार लावलं आणि सहज बोलून गेला.

"पूर्वी हिला तिरकी कोंबावी लागायची. दार लागायचं नाही. आता कशी सरळ बसते."

"पूर्वी म्हणजे कधी?" वहिनींनी विचारलं.

"टोपी होती तेव्हा. जीप तीच आहे आपली, बाक तोच."

वहिनी खाली उतरल्या. काठी ओढून बाहेर काढली, जीपच्या बॉनेटवर आडवी ठेवली आणि खिशातून टेप काढली. मी आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. एकशे बत्तीस पूर्णांक सहा.

बावीस वर्षं त्या काठीने झाडं मोजली गेली, पण काठी कुणी मोजली नव्हती. पितळी टोपी तेरा वर्षांपूर्वी निसटून कुठेतरी पडली. तेव्हा वहिनी नवी मागणार होत्या आणि ड्रायव्हर म्हणाला होता, "एवढ्या टणक लाकडाला काय धाड भरलीय?" धाड काही भरली नाही. वर्षाला दोन हजार एकशे चौदा वेळा ती मुरमाड जमिनीवर टेकली आणि दर वर्षी तीन-साडेतीन मिलिमीटर झिजली. काठी बुटकी होत गेली, टेप खाली सरकत गेली, खाली झाड जाड असतं. म्हणून मेलेलं झाड वाढलं. आणि म्हणूनच जिवंत झाडंही वहीत जास्त वाढली.

ड्रायव्हरचा चेहरा पडला. "माझ्यामुळे झालं," तो म्हणाला.

"काठी माझ्या हातात होती," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या नाही. गाडी केंद्राकडे वळवा."

वाटेत मी म्हणालो, "वहिनी, हात दाखवून अवलक्षण कशाला? आधी नीट विचार करू. बाईंना काय सांगायचं ते ठरवू."

"ठरवायचं काय त्यात? काठी झिजली हे सांगायचं. यापूर्वी तुम्ही ठरवून सांगितलंत ना मला दर वर्षी, पुरे ते."

बाईंनी काठी हातात घेतली, तळ बघितला. गोल, गुळगुळीत, घासून घासून चकचकीत झालेला. त्यांनी वहिनींची माफी मागितली, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आमच्या केंद्रात वरचा माणूस खालच्या माणसाची माफी मागताना मी पहिल्यांदाच बघत होतो. पण मग म्हणाल्या, "याने तुम्ही खऱ्या ठरता, आकडे नाही ठरत. काठी आज एवढी आहे. दहा वर्षांपूर्वी किती होती? पाच वर्षांपूर्वी? अंदाजाने दुरुस्ती मी बैठकीत मांडू शकत नाही."

वहिनींनी काठी परत आपल्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "मेलेली झाडं सांगतील."

बाईंना कळलं नाही, मला तर नाहीच. वहिनींनी माझ्या टेबलावरचा पेला उचलून उलटा घातला, म्हणजे वर निमुळता, खाली रुंद. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मेलेलं झाड. हे आता बदलत नाही. जसं खाली याल तसा घेर वाढतो. दहा वर्षांपूर्वी मी काय घेर लिहिला ते वहीत आहे. तो घेर आज या झाडावर कुठे सापडतो ते बघायचं. जिथे सापडेल, तिथे त्या वर्षी काठीची खाच होती. काठीची उंची झाडाने जपून ठेवलीय."

बाई खुर्चीतून उठल्या. "एक झाड चुकेल," त्या म्हणाल्या.

"सतरा आहेत."

"मग तीन मला द्या. त्या तीन झाडांच्या जुन्या वह्या माझ्याजवळ राहतील. चौदा झाडांवरून काठीची दर वर्षाची लांबी काढा आणि या तिघांचे जुने आकडे न बघता मला सांगा. जुळले तर मी बैठकीत उभी राहीन."

वहिनी म्हणाल्या, "घ्या. सहाशे अकरा मात्र मला ठेवा."

आता वीस दिवस उरले होते. मी रजा टाकली आणि वही धरायला गेलो. प्रायश्चित्त म्हणा, नाहीतर घरी बसवत नव्हतं म्हणा. ड्रायव्हरनेही आपली रजा टाकली आणि रोज पहाटे आम्हाला सोडून स्वतःही थांबू लागला. तीन साठीकडे झुकलेली माणसं आणि एक पोलादी पट्टी, अशी आमची फौज.

पहिलं झाड अर्थात सहाशे अकरा. जुनी वही माझ्या मांडीवर उघडी. वहिनींनी बजावलं, "तुम्ही आकडा सांगायचा नाही. चेहराही करायचा नाही. मी बोलते, तुम्ही लिहा." त्यांनी बुंध्यावर पट्टी उभी धरून अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर खडूच्या बारीक रेघा ओढल्या, एकशे सदतीसपासून खाली. मग टेप. "एकशे सदतीसला, एकशे त्रेचाळीस पूर्णांक दोन." तेरा वर्षांपूर्वीच्या पानावर तोच आकडा, त्यांच्याच अक्षरात. मी चेहरा केला असणार, कारण त्या म्हणाल्या, "खाली बघा, भावजी." अर्धा सेंटिमीटर खाली, एकशे त्रेचाळीस पूर्णांक चार. वहीत दोन वर्षं पुढे गेलो, तिथे होता. आणखी खाली, आणखी पुढे. शेवटच्या रेघेपर्यंत प्रत्येक वर्ष कुठेतरी सापडलं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. वहिनी म्हणाल्या, "पाणी प्या आणि पुढच्या झाडाकडे चला, अजून तेरा आहेत."

पण चौदा झाडं म्हणजे नुसती सुरुवात होती. काठीची लांबी कळली तरी प्रत्येक जिवंत झाड किती निमुळतं आहे ते कळल्याशिवाय त्याचा आकडा दुरुस्त होणार नव्हता. म्हणजे सगळ्या झाडांवर दोन-दोन घेर घ्यायचे, एक खऱ्या उंचीवर आणि एक झिजलेल्या काठीच्या उंचीवर. मी म्हणालो, शंभर झाडं नमुन्याला घेऊ. बाकीची त्यावरून काढतील बाई, हुशार आहेत.

"नमुन्याला मला घेतलं होतं का कुणी?" वहिनी म्हणाल्या. "माझ्या सगळ्या वह्या रद्द करणार होते ना? मग सगळी झाडं मोजायची."

एरवी वहिनी दिवसाला साठ झाडं करायच्या. आता सव्वाशेच्या वर करावी लागत होती. खाली वाळलेल्या पानांचा घोट्यापर्यंत थर, वर सावली नाही. सहाव्या दिवशी माझ्या पायाला फोड आले. नवव्या दिवशी ड्रायव्हरच्या पाठीत उसण भरली, तर तो झाडाला टेकून बसून नंबर पुकारू लागला. वहिनींचा उजवा अंगठा टेप ओढून ओढून सुजला. त्यावर चिंधी बांधली आणि डाव्या हाताने टेप धरायला लागल्या. मी म्हणालो, एक दिवस थांबू. त्या म्हणाल्या, "झाडं कुठे जात नाहीत, पण बैठक इकडे येतेय." भांडणं रोज व्हायची. एकदा मी सातचा साठ ऐकला, त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या दिवशीची मागची चाळीस झाडं आम्ही पुन्हा केली. मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सातच म्हटलं, साठ नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं झाड झालं. चौदा मेलेल्या झाडांवरून प्रत्येक वर्षीच्या काठीची लांबी निघाली होती. झाडांमध्ये आपसात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त भांडण नव्हतं. त्या लांबीवरून बाईंच्या तीन झाडांचे तेरा वर्षांचे एकोणचाळीस आकडे आम्ही काढले आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. बाई जुन्या वह्या उघडून एकेक आकड्यावर खूण करत गेल्या. वहिनी उभ्याच होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"सदतीस जुळले," बाई म्हणाल्या. "दोन नाही जुळत."

वहिनींनी डोळे मिटले. "कुठले दोन?"

"कुठले का असेनात. एकोणचाळीस जुळले असते तर मला संशय आला असता." आणि त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

नोंद वाचली. बैठकीत बाईंनी काठी टेबलावर आडवी ठेवली आणि शेजारी पट्टी ठेवली, फार बोलावं लागलं नाही. एक मात्र झालं. दुरुस्त आकड्यांप्रमाणे जंगल वाढत होतं, पण आम्ही सांगत होतो त्याच्या जेमतेम निम्म्याने. फाटकावर जी मोठी पाटी आहे, त्यावरचा वाढीचा आकडा खोटा पडला. मोठे साहेब नाराज होऊन म्हणाले, पाटी सध्या राहू द्या. वहिनी म्हणाल्या, "पाटी तुमची आहे, ठेवा. आकडे माझे आहेत, ते बदला." आठवड्याने रंगारी आला. बाईंच्या सांगण्यावरून वहिनींचे जुने आकडे मी खोडले नाहीत. शेजारी नवा रकाना काढून दुरुस्त आकडे भरले. सतरा मेलेल्यांसाठीही जागा करवून घेतली, त्याला कॉम्प्युटरवाल्यांना केलेला एक फोन पुरला. पंधरा वर्षांत मी तेवढा एक फोन केला नव्हता.

यंदा पानगळ झाली तशी वहिनी नव्या पोलादी काठीने मोजायला लागल्या. ती दर सोमवारी पट्टीला लावून बघतात. जुनी काठी घरी दाराच्या मागे आहे, ड्रायव्हर तिने माळ्यावरच्या पिशव्या काढतो. मी आता कधीमधी वही धरायला जातो. कॉम्प्युटरपुढे बसून बसून पाठ धरते, असं कारण सांगतो.

सहाशे अकरापाशी आम्ही गेल्या मंगळवारी पोचलो. गेल्या वर्षीच्या खडूच्या रेघा पुसट झालेल्या. वहिनींनी काठी उभी केली, टेप फिरवली, नीट ओढली. "एकशे त्रेचाळीस पूर्णांक दोन." मी लिहिलं. आकडा तेरा, आता चौदा वर्षांपूर्वीचाच.

पुढच्या झाडाकडे वळण्याऐवजी त्यांनी वही माझ्या हातातून घेतली. पेन्सिल काढली. बावीस वर्षं रिकाम्या ठेवलेल्या शेऱ्याच्या रकान्यात, सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं, "मेलं". मग बुंध्यावर तळवा ठेवून घटकाभर उभ्या राहिल्या आणि वही मला परत दिली.

"आता नाही भरलं तरी चालेल, भावजी."

संध्याकाळी केंद्रावर आलो आणि सगळ्यात आधी मी तेच भरलं.